जास्तीचं तेल

नेतानीमामा हात मिळवण्याआधी तो पँटला पुसायचे. समोर लहान मूल असलं तरी.

दुरुस्तीला गाडी आली की आधी मालकाच्या आईची तब्येत विचारायचे. मग गाडीची.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात कोणी बोललं तर डोळे न उघडता एक बोट वर करायचे.

गिअरबॉक्सचं तेल दोन बोटांत चोळून हुंगायचे. त्याच हातानं घाम पुसायचे, म्हणून कपाळावर तेलाचा लाल ठिपका कायम.

बॉनेट आपटायचे नाहीत. दोन्ही तळवे ठेवून दाबायचे.

कोणाला नाही म्हणायची वेळ आली की आभाळाकडे बघायचे. पाऊस येईलसं दिसतंय, म्हणायचे. मग हो म्हणायचे.

क्रियापदांना भूतकाळ लावतोय आणि दर वाक्याला अडखळतोय. राजधानीत, सुव्हाच्या विद्यापीठात मी तीन वर्षं साहित्य शिकलो. मेलेल्या माणसांवर पुष्कळ वाचलं. गावी, नासोलोला परत आलो, शाळेत तात्पुरता मास्तर झालो, आणि रोज दुपारी मामांच्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो. आमचं घर उसाच्या पट्ट्यात, त्यांचं गाव खाडीच्या कडेला. मध्ये एक ओढा. मी त्यांच्या निम्म्याहून कमी वयाचा, पण मला मित्र म्हणायची त्यांना सवय होती. नावानं मात्र कधी हाक मारली नाही. "काय कवी, आज कोणाला रडवून आलास?" असं विचारायचे.

त्यांची गाडी तपकिरी स्टेशन वॅगन. जपानात म्हातारी होऊन आमच्याकडे आलेली, आमच्याकडे आणखी म्हातारी झालेली. ऑटोमॅटिक. डावा पाय मोकळा, म्हणून गावात कोणालाही चालवता यायची. आठ माणसं मावायची, चटया आडव्या टाकल्या तर लग्नाचं सामान मावायचं. त्यामुळे ती मामांची होती असं म्हणणं अर्धंच खरं. आमच्याकडे नातेवाईक दारात येऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, 'जरा लागत होती,' की वस्तू द्यायची असते. का, कशाला, परत कधी, हे विचारायचं नसतं. घेणाऱ्यानंही ती कोरडी परत करायची नसते. भांडं गेलं तर भांड्यात काहीतरी येतं.

गेल्या वर्षी ऊसतोडणीच्या सुमारास गाडी राकिराकीला जाणाऱ्या चढावर पहिल्यांदा बसली. तेव्हा कारण साधं होतं. गिअरबॉक्समधून थंड व्हायला पुढे जाणारी तेलाची नळी चिरली होती. मामांनी ती बदलली, तेल भरलं, विषय संपला. रविवारी चर्चनंतर सगळे चटईवर यांगोना, मुळ्यांचं ते कडवट पेय, प्यायला बसले तेव्हा कोणीतरी विचारलं. मामा म्हणाले, "काही नाही, तेल कमी झालं होतं तिचं. बिचारी तहानलेली होती."

सगळे हसले. मी पण.

महिन्याभरात गाडी पुन्हा बिघडली. आता लक्षण वेगळं होतं. सकाळी उत्तम चालायची. पंधरा-वीस मिनिटं पळाली, इंजिन तापलं, की चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन बोंब मारायचं आणि चाकं ऐकायची नाहीत. गिअर उशिरा पडायचा, पडला की मागून कोणी लाथ घातल्यासारखा. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा शहाणी.

"इंजिनाला दोष नाही," मामा म्हणाले. "ते ओरडतंय म्हणजे जिवंत आहे. त्याचं ओरडणं चाकांपर्यंत पोचत नाही. मधला निरोप्या झोपतोय."

तो निरोप्या म्हणजे गिअरबॉक्स. त्यात तेलाच्या दाबावर सगळं चालतं, एवढं मला कळलं. दाब गेला की आतले क्लच घसरतात. मामांनी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेलावर गुलाबी फेस. त्यांचा चेहरा पडला.

"पाणी शिरलंय."

पाणी शिरायला वाट एकच, रेडिएटर; तेल थंड व्हायला त्यातूनच फिरतं. दुसऱ्या दिवशी ते बा गावच्या भंगारातून रेडिएटर घेऊन आले. फेसाळ तेल काढलं, नवं भरलं. गाडी बरी. गावभर फेऱ्या झाल्या. कोणाच्या बारशाला, कोणाच्या मयतीला, पाळकबुवांच्या बैठकीला. आणि पुन्हा तेच. चढ, बोंब, गुलाबी फेस.

या वेळी त्यांनी चमच्यात चार थेंब घेऊन खाली मेणबत्ती धरली. पाणी असतं तर तडतडलं असतं. तेल नुसतं धुरावलं.

"पाणी नाही, हवा आहे," मामा म्हणाले. "कुठूनतरी हवा ओढतंय." म्हणून फिल्टर आणि त्याचं सील बदललं. गाडी बरी. गेली. आली. बिघडली. मग गिअरबॉक्सला जाणारी अ‍ॅक्सिलरेटरची केबल आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. मग दुसरं सील. फेसाळ तेल काढून नवं भरणं दर वेळी असायचंच. दर वेळी गाडी बरी व्हायची, आणि दर वेळी त्यांना वाटायचं, सापडलं.

याच काळात डोळ्यांच्या डॉक्टरांची बातमी आली.

परदेशातली तुकडी वर्षातून एकदा राकिराकीच्या इस्पितळात येते आणि मोतीबिंदू काढून जाते. मामांच्या आईला, आकेनेताआजींना, दोन्ही डोळ्यांनी आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मागच्या वर्षी त्या तापात होत्या म्हणून राहिलं. कंबर मोडल्यापासून बसच्या पायऱ्या त्यांना चढता येत नव्हत्या, मालट्रकचं तर नावच नको. सपाट, बुटकी, दार उघडून अलगद बसवता येईल अशी गाडी गावात एकच.

"आई, या वर्षी मी नेतो," मामांनी त्यांना सांगितलं होतं.

"तू नेशील रे," आजी म्हणाल्या. "तुझी गाडी येईल का विचार."

मामा चिडायचे नाहीत, पण त्या आठवड्यांत चिडले. पाना फेकला. मी एकदा म्हटलं की नवा गिअरबॉक्स शोधायचा का, तर म्हणाले, "कवी, तुझी कविता जमत नाही म्हणून तू भाषा बदलतोस का?" मग स्वतःच हसले, आणि हसणं मध्येच थांबलं.

उलगडा वासितीमामींनी केला. त्या कसावा सोलत बसल्या होत्या. मामा गाडीखाली. नुसते पाय बाहेर.

"मी एक बोलू का?" मामी म्हणाल्या.

"नको," पाय म्हणाले.

"घरी असते तेव्हा चांगली असते. लोकांकडे जाऊन आली की आजारी. शेजाऱ्यांकडे पोट फुटेस्तोवर खाऊन येणाऱ्या पोरासारखं आहे तिचं."

पाय हलायचे थांबले.

मामा बाहेर आले. जुनी बादली घेतली, गिअरबॉक्समध्ये घालायचं तेल आधी तिच्यात ओतलं आणि जिथवर आलं तिथे आतून खिळ्यानं खूण केली. मग तेच तेल गिअरबॉक्समध्ये घातलं. गाडी पाळकबुवांना दिली. परत आली. इंजिन चालू आणि तापलेलं असताना पट्टी काढली, मग सगळं तेल बादलीत उतरवलं. खुणेच्या वर चांगलं चार बोटं.

आम्ही तिघं बादलीभोवती उभे होतो.

"तेल वितं का हो?" मामी म्हणाल्या.

मामा जमिनीवर बसले. तेल जास्त झालं की आतली फिरती चाकं त्यात बुडतात आणि ते घुसळतात. ताक घुसळल्यासारखं. फेस होतो, फेसाला दाब नसतो, क्लच घसरतात. हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत होतं. प्रत्येक दुरुस्तीत ते नकळत तेल बरोबर करत होते आणि श्रेय प्रत्येक वेळी भलत्याच सुट्या भागाला देत होते.

आणि ओतत कोण होतं? सगळे. पाळकबुवा, मयतवाले, बारशावाले. बिचारी तहानलेली होती, हे त्यांनी चटईवर ऐकलं होतं. पेट्रोल वापरलं तेवढं भरायचं हा व्यवहार झाला. पण मामांची गाडी कोरडी कशी परत करायची? म्हणून राकिराकीहून येताना प्रत्येक जण लाल तेलाची एक बाटली घ्यायचा आणि प्रेमानं ओतायचा. कोणी बोलून दाखवत नसे. दिलेलं बोलून दाखवायचं नसतं.

"मग सांगा त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"हेच. तेल घालू नका म्हणून."

"वर्षभर तुम्ही माझी गाडी मारताय, असं सांगू? पाळकबुवांना?"

"तसं नाही सांगायचं."

"कसंही सांगितलं तरी तसंच ऐकू येतं." त्यांनी हात पुसले. "तुमच्या पुस्तकांत माणसं एकमेकांना खरं सांगतात. मग पुस्तक संपतं. इथे त्यांना उद्या पुन्हा माझ्या दारावरून जायचं असतं."

मला राग आला होता. अजून आहे. मी म्हटलं, "आणि आजींचे डोळे?"

"ते मी बघतो."

त्यांनी बघितलं ते असं. गाडी परत आली की कोणी नसताना पट्टीच्या नळीत बारीक पाइप सोडायचा आणि मोठ्या पिचकारीनं जास्तीचं तेल ओढून काढायचं. चांगला अर्धा तास लागायचा. या गाडीच्या गिअरबॉक्सखालच्या चेंबरला, म्हणजे तेल साठतं त्या पत्र्याच्या तबकाला, खालून तेल सोडायचा बोल्टच नव्हता. सगळं चेंबर उतरवायचं नाही तर हे असं. काढलेलं तेल ते बाटल्यांत भरून शेडच्या मागे ठेवायचे. गाडी ठणठणीत राहिली. दोनदा ते एकटे चढ चढून आले आणि परत येताना हॉर्न वाजवत आले.

डॉक्टरांची तुकडी आली. पहिले दिवस गर्दीचे, म्हणून आजींना शेवटच्या दिवशी सकाळी बोलावलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी इलाइतिया आला. मामांचा मामेभाऊ. आमच्याकडे मामेभाऊ-आत्तेभाऊ म्हणजे थट्टेचं नातं, मेव्हण्यांसारखं. काहीही बोलायची मुभा, आणि काहीही मागायची.

"मेव्हण्या, तुझं पोट वाढलंय," तो ओट्यावर बसत म्हणाला. "वासिती, याला तू घालतेस काय? गाडीत बसला तर गाडी घसरणारच."

"तू आलास की तिला घाम फुटतो," मामा म्हणाले. "तिला वाटतं, आला हा जळूसारखा."

दोघं बराच वेळ असेच बोलले. मी वाट बघत होतो. मग इलाइतियाचा आवाज खाली आला. पलीकडच्या गावात त्याच्या बायकोच्या चुलत्याची मयत होती. चटया आणि दालोचे कंद पोचवायचे होते. जरा लागत होती.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी आभाळाकडे पाहिलं.

"पाऊस येईलसं दिसतंय," ते म्हणाले.

"म्हणून तर. चटया भिजतील."

"उद्या सकाळी आईला न्यायचंय."

"अरे, संध्याकाळपर्यंत आणतो की! आकेनेताआत्या माझी कोणीच नाही का?"

किल्ली दिली. इलाइतिया गेल्यावर मामींनी कढई जोरात ठेवली.

गाडी संध्याकाळी आली नाही. मयतीचं बोलणं लांबतं, तिथून उठून जाता येत नाही, हे मामांनाही माहीत होतं. सकाळी उजाडल्यावर आली. आकेनेताआजी केव्हाच्या ओट्यावर बसल्या होत्या. निळा रविवारचा झगा, केसांत फूल, मांडीवर पाकीट. बाजूला शेजारचे चार जण त्यांना निरोप द्यायला आलेले.

इलाइतिया उतरला. डोळे लाल, पण हसत होता.

"आत्या, तुझी विमानसेवा हजर!" मग मामांना म्हणाला, "सगळं बघितलंय मेव्हण्या. पोटभर आहे. काळजी करू नकोस."

पोटभर.

मामांनी मला बॉनेटकडे नेलं नाही. तशी गरजच नव्हती. मी हळूच म्हटलं, "पिचकारी आणू?"

त्यांनी इलाइतियाकडे पाहिलं. तो आजींना उचलून गाडीत बसवत होता. त्यांचा पाय नीट आत घेत होता, झग्याची कड दारात अडकू नये म्हणून गोळा करत होता. रात्रभर झोपला नव्हता. पिचकारी आणायची म्हणजे त्याच्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, त्यानं दिलेलं ओढून बाहेर काढायचं. त्याला घरी जा म्हणावं तर तो जाणार नव्हता. गाडी हलेपर्यंत हात हलवत उभा राहणार होता.

"सकाळची हवा गार आहे," मामा म्हणाले. "कदाचित चढून जाईल."

त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. मी गाडीत मागे बसलो.

चढाच्या निम्म्यावर इंजिन बोंबललं. गाडी हळू झाली. मामांनी लीव्हर खालच्या गिअरमध्ये ओढला. एक हिसका, थोडं पुढे, पुन्हा बोंब. गाडी कडेला थांबली.

"आलो का?" आजींनी विचारलं.

"नाही आई. जरा थंड होऊ दे तिला."

पिचकारी घरी होती. पट्टीवर फेसाशिवाय काही दिसत नव्हतं. मामांनी पट्टीच्या नळीत गवताची पोकळ काडी घालून तोंडानं ओढायचा प्रयत्न केला. काडी पोचत नव्हती. ओठ लाल झाले. थुंकले. पुन्हा घातली. उसाचे ट्रक बाजूनं जात होते. एक थांबला, ड्रायव्हरनं आजींना वर घ्यायची तयारी दाखवली. उचलताना आजी कंबरेपाशी किंचाळल्या आणि मामांनी त्यांना परत सीटवर ठेवलं. तासभर थांबून पुन्हा निघालो. दोन वळणं गेलो. मग तेही नाही.

ऊन चढलं. इस्पितळातली नोंदणी सकाळीच बंद होते.

"पुढच्या वर्षी," आजी म्हणाल्या. "घरी घे रे. मला लघवीला लागलीय."

उतारावर गाडी काही न मागता आली. गावात इलाइतिया धावत आला. काय झालं, काय झालं.

"जुनी झाली रे," मामा म्हणाले. "कधी चालते, कधी नाही."

त्यांच्या ओठांवर अजून तेल होतं. इलाइतियानं गाडीला शिव्या घातल्या. मग आजींना पुन्हा तसंच जपून उतरवलं.

त्यानंतर मामांशी माझं भांडण झालं. एकतर्फी. मी म्हटलं, तुमच्या सभ्यपणाची किंमत आजींनी दिली. ते म्हणाले, "हो." मी म्हटलं, आता तरी सांगा. ते म्हणाले, "इलाइतियाला कळलं ना, की आत्याचे डोळे त्याच्या बाटलीनं गेले, तर तो या गावात राहणार नाही. मी ओळखतो त्याला. आईचे डोळे पुढच्या वर्षी येतील. तो नाही यायचा."

"आणि पुढच्या वर्षी कोणी पुन्हा ओतलं तर?"

"त्याचीच सोय करतोय."

सोय म्हणजे नळ. त्यांनी चेंबर उतरवून बाकावर आणलं होतं. तळाला भोक पाडून एक छोटा पितळी नळ बसवायचा बेत होता. मग कोणी कितीही ओतून आणलं तरी टायर बघायच्या निमित्तानं वाकायचं, नळ फिरवायचा, तांब्याभर तेल सोडायचं. देणाऱ्यासमोर, त्याच्याशी गप्पा मारत. त्याला पत्ता नाही.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं. खूप दिवसांनी चेहरा उघडा दिसला.

मी म्हटलं, "हे सांगण्यापेक्षा सोपं आहे?"

"फार सोपं," ते म्हणाले. "याला फक्त आटे पाडावे लागतात."

पुढच्या मंगळवारी मी शाळेतून आलो तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं. घरात माणसं होती. दुपारी जेवून ते चटईवर आडवे झाले आणि मामी चहा घेऊन आल्या तेव्हा गेलेले होते. हृदय, असं नर्स म्हणाली. मी तिला दोनदा विचारलं. काय उत्तर हवं होतं कोण जाणे.

मयतीला खाडीकाठची सगळी गावं आली. चटया आल्या, दालो आले. तपकिरी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती म्हणून सामान या वेळी मालट्रकनं आणावं लागलं. इलाइतिया माझ्याशेजारी येऊन बसला. त्या नात्यात मयतीतही थट्टा करायची असते. त्याला एकही सुचली नाही.

"मी त्याची गाडी कधी कोरडी दिली नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. विचार कोणालाही."

पलीकडून पाळकबुवांनी मान हलवली. त्यांच्यामागे आणखी दोघांनी.

"माहीत होतं त्यांना," मी म्हटलं.

"बोलला होता तुला?"

"हो."

तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवताना बरं वाटत नव्हतं, पण ठेवला.

आकेनेताआजी ओट्यावर बसतात. माझी चाल त्यांना ओळखू येते. गाडीचं विचारत नाहीत. शाळेचं विचारतात.

शेडमध्ये मी कालच गेलो. चेंबर बाकावर उलटं ठेवलेलं आहे. तळाला भोक आहे. आटे पाडायचं हत्यार त्या भोकात उभं आहे, निम्मं आत गेलेलं, आडवी मूठ तिरकी थांबलेली. बाजूला तेलाचा फडका. मी मूठ धरून थोडी फिरवली. अडकली. जोर लावायचा की उलट फिरवून सोडायचं, मला ठाऊक नाही. पितळी नळ कागदात गुंडाळलेला आहे. तो अजून उघडलेलाही नाही.